दोन उंदरांच्या मॅडम

इंगोले मॅडम उंदराच्या पोटावर फुंकर मारत. कापडी पिशवीतला जिवंत उंदीर अलगद हातात घ्यायचा, फुंकर मारायची आणि केसांच्या मुळाशी दिसणारा रंग पाहून सांगून टाकायचं, "हा शेतातला. थो डोंगरातला." आम्ही मोजपट्टी काढेपर्यंत त्यांचा चहा पिऊन झालेला असे.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. साडीवर गमबूट चढवून दर्यापूरच्या कपाशीपासून परतवाड्याच्या डोंगरापर्यंत त्यांनी पिंजरे लावले. आमिष म्हणून शेंगदाण्याचा कूट नि गूळ. "भज्यानं माणसं फसतात, उंदीर नाई," असं वर ऐकवायच्या. शेतातला आणि डोंगरातला उंदीर दिसायला सारखे, पण प्रजाती वेगळ्या, त्यांची सरमिसळ होत नाही, हा त्यांचा जन्मभराचा निष्कर्ष. त्यावरचं पुस्तक निवृत्तीआधी छापायला जायचं होतं. शेवटची खात्री म्हणून त्यांनी मला, त्यांच्या संशोधक विद्यार्थिनीला, उंदरांच्या कानाचे नमुने जनुकीय तपासणीला पाठवायला सांगितलं.

निकाल आला आणि माझं धाबं दणाणलं. परतवाड्याजवळ, जिथं शेतं संपून डोंगर लागतो, तिथल्या बऱ्याच उंदरांत दोन्हींची जनुकं होती. संकर झाला होता आणि संकरित पिल्लांना पुढे पिल्लंही होत होती. दोन दिवस मी तो कागद पर्समध्ये घेऊन फिरले.

"काहून तोंड लपवून राहिली व?" तिसऱ्या दिवशी त्यांनीच पकडलं.

मी कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उतरला आणि मलाच रडू फुटलं.

"आता तू काहून रडून राहिली? उंदरायनं का मले विचारून घर मांडलं?"

मग त्यांनी कपाटाचा खालचा खण ओढला. आत उंदरांच्या वाळवलेल्या कातड्या, प्रत्येकीला चिठ्ठी: 'परतवाडा. रंग नीट नाही.' फुंकर मारूनही ज्यांचं ठरेना, असे नमुने त्यांनी अभ्यासातून वगळले होते. पण एकही फेकला नव्हता.

"यायले मी खराब समजत होती. मीच नीट पायलं नाई. घे, तुह्या कामाचे हायेत."

पुस्तक त्यांनी थांबवलं. निरोप समारंभात प्राचार्यांनी त्याच जुन्या निष्कर्षाची तारीफ केली, तेव्हा त्यांनी माईक ओढून घेतला. "साहेब, थे चुकलं माहं. या पोरीनं पकडलं." मला त्यांचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

पुढच्या सोमवारी मॅडमच्या जागी मी मुलांना संकर शिकवत होते. दार ढकलून मॅडम आत आल्या, मागच्या बाकावर बसल्या. मी खडू खाली ठेवला.

"थांबली काहून? शिकव," त्या म्हणाल्या आणि कोरी वही उघडून लिहायला बसल्या.