यशोदाबाईंचा पाट

कारखान्यातल्या बायकांच्या खुर्च्या काढून टाकायची कल्पना माझी होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, पहिल्या मजल्यावर, खटक्याची बॉलपेनं जोडायचा आमचा कारखाना होता. हॉलभर लांब टेबलं, टेबलांशी बायका आणि एका टोकाला काचेची केबिन. केबिनमध्ये मॅनेजर सबनीस. या माणसाचा जगात कुणावरही विश्वास नव्हता. बाई पाणी प्यायला उठली की ती खरंच पाणी पिते का, हे बघायला तो मला पाठवायचा. मी येऊन 'पिते' म्हणालो की मी खरंच तिथं गेलो होतो का, हे वॉचमनला विचारायचा. टेबलाखालून बायका माल सरकवतात या संशयानं त्यानं प्रत्येक टेबलाला पुढून जमिनीपर्यंत फळ्या ठोकून घेतल्या होत्या. बोटातली अंगठी काचेवर टकटक वाजली की मी धावायचं. कागदोपत्री मी असिस्टंट सुपरवायझर होतो. प्रत्यक्षात त्या अंगठीनं पाळलेला प्राणी.

एका सकाळी तो म्हणाला, "माल कमी निघतोय. या बायका फार आरामात बसतात."

गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. म्हणालो, "मग खुर्च्याच काढून टाका ना, साहेब. आरामाचं मूळच गेलं!"

मी हसलो. तो हसला नाही. कागद पुढे सरकवून म्हणाला, "लिही नोटीस."

दुपारच्या आत खुर्च्या गोडाउनमध्ये गेल्या. वाहून नेणाऱ्यांत मीही होतो. शेवटची खुर्ची माझी गेली. "तुला वेगळा नियम का?" सबनीस म्हणाला. एवढ्या एका बाबतीत तो निःपक्षपाती होता.

आता यशोदाबाई कांबळे. साताऱ्याकडच्या, लग्न होऊन नाहूरला आलेल्या. दम्यानं नवरा घरी बसलेला, दोन मुलं शाळेत, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. काचेच्या केबिनसमोरचं पहिलं टेबल कुणाला नको असायचं. बाईंनी ते मागून घेतलं होतं. सबनीस टक लावून बघायला लागला की नव्या मुलींच्या बोटांतून स्प्रिंगा उडायच्या. बाई मान वर न करता म्हणायच्या, "बगू दे की गं. बगून त्याचं पोट भरतंय, तर भरू दे."

दुसरी त्यांची सवय म्हणजे नोटीस वाचणं. बोर्डावर कागद लागला की डब्याच्या सुट्टीत त्या समोर उभ्या राहून तो खड्या आवाजात सगळ्यांना वाचून दाखवायच्या, सहीसकट. माझी नोटीसही वाचली. वाचून झाल्यावर मला म्हणाल्या, "अक्षर झ्याक हाय, भाऊ."

उभं राहून पेनं जोडणं सुरू झालं. टेबलं बसून काम करायच्या उंचीची, त्यामुळे सगळ्या कमरेत वाकलेल्या. बाईंच्या पोटऱ्यांवरच्या शिरा आधीच दोरीसारख्या फुगलेल्या होत्या. आठवड्याभरात संध्याकाळी त्यांची पावलं चपलेत शिरेनाशी झाली. डब्याच्या पिशवीत चपला टाकून त्या अनवाणी नाहूरला चालत जायच्या. मी ते खिडकीतून बघत होतो आणि विनोद सुचत नव्हता.

शेवटी त्या केबिनमध्ये गेल्या. मी तिथंच उभा होतो. साडीचा काठ घोट्यावर उचलून म्हणाल्या, "साहेब, पाय बगा. एक खुर्ची द्या. काम कमी झालं तर काढून घ्या."

सबनीसनं खाली पाहिलंसुद्धा नाही. "पाय दाखवू नका, बाई. काम दाखवा."

इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य आठवलं की अजून माझ्या मुठी वळतात. तेव्हा वळल्या नाहीत. तेव्हा मी त्याच्या टेबलावरची टाचणी उचलून डबीत ठेवली.

बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "भाऊ, नोटिशीत काय लिवलंय? खुर्चीवर बसू नये. व्हय ना?"

"हो."

"भुईवर बसू नये, असं न्हाई ना लिवलं?"

"नाही."

"मग बरं लिवलंय."

दुसऱ्या दिवशी त्या घरून लाकडी पाट घेऊन आल्या. टेबलामागे मांडला, मांडी घातली, स्प्रिंगांचं ताट पुढ्यात ओढलं आणि कामाला लागल्या. बघता बघता सगळ्या बायका खाली. कुणी गोणपाट घेतलं, कुणी वर्तमानपत्र. निम्म्याजणींनी कधी ना कधी असली कामं घरी जमिनीवर बसूनच केलेली. हात असे चालायला लागले की मला रिफिली पुरवता येईनात.

सबनीस उशिरा आला. केबिनमध्ये बसून त्यानं मान वर केली, तर समोर हॉल रिकामा. त्यानंच ठोकून घेतलेल्या फळ्यांमागे सगळ्याजणी गडप! फक्त खटक्यांचा आवाज. अंगठी काचेवर फुटायची बाकी राहिली.

"बायका कुठायत?"

"खाली, साहेब."

"खाली म्हणजे? पळाल्या?"

"खाली म्हणजे जमिनीवर. काम करतायत."

"दिसत का नाहीत?"

मी फळ्यांकडे बोट दाखवलं. तो धावत बाहेर आला, एका टेबलामागे वाकला, मग पुढच्या टेबलामागे वाकला. तोवर आधीच्या टेबलामागे कुणीतरी खुदकन हसलं. तो मागे फिरला. उठवावं, तर खोकी कधी नव्हे इतक्या झपाट्यानं भरत होती. उरलेली सकाळ त्यानं ओणव्यानं काढली. मग कंबर धरून केबिनमध्ये गेला आणि आपल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीवर चढून उभा राहिला. कारखान्यातली उरलेली एकमेव खुर्ची, आणि तिच्यावर बुटांसकट आमचा मॅनेजर, मान लांब करून बघतोय.

फळीमागून बाईंचा आवाज आला, "बगू दे गं. जेवलेला न्हाई वाटतं."

हॉल हसण्यानं फुटला, आणि नेमके त्याच वेळी दारातून शेठ आले. शेठ महिन्यातून एखाद्या वेळी चक्कर मारायचे. त्यांना रिकामा हॉल दिसला, कुठूनतरी येणारं हसू ऐकू आलं आणि खुर्चीवर उभा मॅनेजर दिसला.

"सबनीस," ते म्हणाले, "उतरा आधी."

त्यांनी भरलेली खोकी पाहिली, बाईंचे पाय पाहिले. खुर्च्या परत आणायला सांगितलं आणि निघून गेले. खुर्च्या आणताना मी शीळ घालत होतो. गाढवपणाची माझी मजुरी अजून संपलेली नाही, हे मला माहीत नव्हतं.

सुटायच्या वेळी दाराशी रोज झडती व्हायची. त्या दिवशी सबनीसनं यशोदाबाईंना पहिलं उभं केलं. "पदर झटका."

त्यांनी झटकला. काही नाही.

"निऱ्या झटका."

सगळ्यांसमोर. वॉचमननं मान फिरवली. बाईंनी निऱ्या झटकल्या आणि दोन स्प्रिंगा टपटप फरशीवर पडल्या. जमिनीवर बसलं की साडीत स्प्रिंगा अडकणारच. त्या दिवशी सगळ्यांच्याच साड्यांत असतील. पण सबनीसनं पुढे एकीलाही तपासलं नाही. त्याला हवं ते मिळालं होतं. "चोरी," तो म्हणाला.

माझं डोकं भणाणलं. त्या नोकरीत पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी बाजूनं तोंड उघडलं. आणि काय म्हणालो?

"काय साहेब! दोन स्प्रिंगा नेऊन बाई काय पेनांचा कारखाना काढणार?"

कुणी हसलं नाही. सबनीस शांतपणे वॉचमनला म्हणाला, "ऐकलंस ना? सुपरवायझर काय म्हणतोय, बाईला कारखाना काढायचाय." दुसऱ्या दिवशीच्या नोटिशीत ते होतं. कारखान्यातील माल नेऊन स्वतंत्र धंदा करण्याच्या उद्देशाने चोरी, सबब कामावरून कमी. ही नोटीस त्यानं स्वतः लिहिली. मोठ्यानं वाचायला बाई नव्हत्या.

रविवारी मी नाहूरला गेलो. चाळीतली एक खोली. आत कॉटवर नवरा खोकत होता. बाई दारातच त्या पाटावर बसल्या होत्या, पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात, मांडीवर सूप, सुपात रिफिली. भांडुपच्या कुणा दुसऱ्याच कारखान्याचं काम घरी आणलं होतं. मजुरी निम्मी, पण पायांची सूज उतरत होती.

"परत बोलवलं तर याल?" मी विचारलं.

"निऱ्या झटकाय?" त्या म्हणाल्या. "हितं बगाय कुनी न्हाई. पगार घ्यायला तेवढं यीन, ऱ्हायलेला."

म्हणालो, "बाई, मी उद्या शेठकडे जातो. सबनीसची अशी काही नक्कल करून दाखवतो ना, की शेठ हसून हसून तुमचा पगार—"

बाईंनी रिफिलीवर स्प्रिंग चढवली, पेन फिरवून बंद केलं, खटका दोनदा दाबून पाहिला आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"जावा की, भाऊ," त्या म्हणाल्या. "तोंड तेवढं हितं ठेवून जावा."