हाकेचा चढ

सकाळीच पुण्याहून आमच्या टीमच्या लीडसाहेबांचा निरोप आला, "बांधाचा सीन चालत नाही. बाईचा आवाज काढू आणि बाण लावू." डोक्यात तिडीक गेली. बाईचा आवाज म्हणे! ती बाई माझी आत्या आहे, आणि तो आवाज मी वाटूरला तिच्या तुरीत उभं राहून रेकॉर्ड केला आहे.

मी जालन्यात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी गेमचे आवाज करतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतं, हा दिवसभर गेम खेळतो. असो. या गेममध्ये एक पोरगी करडाच्या मागे शेतात लांब जाते आणि मागून आई हाक मारते, "ये गंऽऽ, माघारी येऽऽ." खेळणाऱ्यानं ती हाक ऐकून विहिरीपासून आपणहून वळायचं, मगच गोष्ट पुढे सरकते. स्क्रीनवर सूचना नाही, काही नाही, नुसती हाक. आधीच्या चाचण्यांमध्ये लोक वळतही होते. आता वळेनासे झाले. ते का, हे कोणी विचारलं नाही. वाट दाखवणारा बाण मात्र तयार!

पुन्हा रेकॉर्ड करावं तर तीही सोय उरलेली नाही. मधल्या काळात आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, बाई ठणठणीत आहे, पण आवाज बसला तो बसलाच. अंगणातून फाटकापर्यंतसुद्धा पोचत नाही. शिवारभर जाणारी तिची हाक आता फक्त त्या गेममध्ये आहे, आणि आमचे लीडसाहेब तिथून तिला हाकलायला निघाले होते.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दर आवाजाला एक रेघ असते, तिला आम्ही कर्व्ह म्हणतो. माणूस लांब जाईल तशी रेघ खाली येते आणि आवाज बारीक होतो. बहुतेक आवाजांना हे चालतं. हाकेला चालत नाही. पोर जवळ असलं तर बाई बेतानं ओरडते. ते लांब गेलं की बांधावर चढते, तोंडाला हात लावते आणि पोटातून ओरडते. म्हणून मी त्या रेघेला शेवटी एक चढ दिला होता. आवाज बारीक होत जातो, आता संपला असं वाटतं, आणि विहिरीजवळ एकदम अंगावर येतो. तो चढ जमेपर्यंत मी हातानं रेघेवरचे ठिपके वरखाली करत बसलो होतो, घरच्यांना वीट येईस्तोवर.

सॉफ्टवेअरला आता एक एआय एजंट जोडला आहे. त्याला लिहून विचारायचं, तो आत शिरून कर्व्ह वाचतो, सांगितलं तर बदलतोही. मी त्याला म्हटलं, हाकेचा कर्व्ह दाखव. त्यानं दाखवला. घसरगुंडीसारखा गुळगुळीत! माझा चढ गायब.

"हा कोणी बदलला?" मी लिहिलं.

"मी बदलला. लीडची सूचना होती की अंतर वाढेल तसा प्रत्येक आवाज कमीच व्हावा आणि तसे नसलेले कर्व्ह दुरुस्त करावेत. त्यानुसार शेवटचे दोन ठिपके काढले."

दुरुस्त! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काढण्याआधी एकदा ऐकलंस का?"

"मी आवाज ऐकू शकत नाही. मला कर्व्हवरचे आकडे दिसतात. ऐकून खात्री करून घ्यावी, असं लीडला दिलेल्या अहवालाच्या शेवटी लिहिलं होतं."

झाली पंचाईत. ज्याच्यावर तोंड सोडायचं ठरवलं होतं, तो सरळ सांगत होता की मला कान नाहीत. मग ज्याला दोन कान आहेत त्यानं काय केलं? मी लीडला फोन लावला.

"तुम्ही ती हाक ऐकलीत का?"

"अहो, रिपोर्ट बघितला ना. सगळं व्यवस्थित होतं."

"रिपोर्ट नका सांगू. हेडफोन लावा आणि विहिरीपर्यंत चालत जा."

"आत्ता मीटिंग आहे."

"मीटिंग गेली खड्ड्यात!"

नोकरीत असं मी कधी बोललो नव्हतो. पलीकडे हेडफोनची शोधाशोध सुरू झाली. तेवढ्यात मी एजंटकडून जुने दोन ठिपके परत बसवून घेतले. साहेबांनी त्यांची स्क्रीन माझ्या लॅपटॉपवर दाखवली आणि पोरगी चालायला लागली. कापूस मागे पडला, हाक बारीक झाली, जवळजवळ विझली. विहीर आली आणि आत्या बांधावर चढली. "माघारी येऽऽ!" पोरगी थबकली आणि वळली. वळायचं आहे हे साहेबांना माहीत होतं, पण हाक अशी एकदम अंगावर येईल हे मी सांगितलं नव्हतं.

"बाण नको मग," ते म्हणाले. वर असंही म्हणाले, "पण हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

मी फोन ठेवला, नाहीतर नोकरी गेली असती. कर्व्हच्या शेजारी टीप लिहायला जागा असते, तिथे लिहून ठेवलं, 'हा चढ चूक नाही. इथे बाई बांधावर चढते. ऐकल्याशिवाय हात लावू नये.' एजंट ती वाचेल याची मला खात्री आहे. साहेबांची नाही.

राग काही उतरेना. रविवारी लॅपटॉप घेऊन वाटूर गाठलं आणि आत्याच्या पदरावरूनच तिला हेडफोन चढवले. पोरगी विहिरीपर्यंत नेली आणि माघारी आणली.

"मीच का ही? लई जोरात वरडून राह्यले की," आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आली व्हय पोरगी माघारी?"

"आली ना."

"मंग तिनं ओ का न्हाई दिली? एवढी हाक मारली मी, एकानं बी ओ दिली न्हाई?"

गेममध्ये ओ नव्हतीच. ती साहेबांना सुचली नव्हती, आणि सगळ्या जगावर चिडलेल्या मलाही नव्हती. मी समजावून सांगायला तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती, कानांवर हेडफोन तसेच होते. मी पोटातून ओरडलो,

"ओऽऽ आत्याऽऽ!"