माझ्या गुडघ्यातलं बैलाचं हाड

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ नेहमी चुकतं. चौथीत शाळा सुटली, मग पेन हातात आला तो फक्त सहीपुरता. लेकीच्या जुन्या वहीची कोरी पानं उरली होती, त्यावर लिहिते. कुणाला दाखवणार नाही. पण जिच्या हाडात असं काही निघेल तिच्या हाती ही वही पडली, तर तिनं चुका माफ करून वाचावी.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि डाव्या गुडघ्याच्या खाली बोट ठेवलं. तिथे हाड दिसत नव्हतं. लिंबाएवढा काळा डाग होता.

"जायंट सेल ट्यूमर," ते म्हणाले. "कैंसर नहीं है. पर हड्डी को अंदर से खा रहा है."

म्हणजे हाडात वाढणारी गाठ. वरून पाय धड दिसतो आणि आतून लाकडाला भुंगा लागावा तसा पोकळ होत जातो. सहा महिने मी ते वाताचं दुखणं समजले. फरीदाबादला आमच्या गल्लीमागे हाडं बसवणारा एक पहिलवान होता, त्याच्याकडून गुडघा चोळून घेत होते. त्याच्या तेलाला जुन्या चरबीचा वास यायचा. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "और मलवातीं तो चूरा हो जाता."

दुखणं महिनाभरात गेलं नाही तर आधी फोटो काढा. चोळू नका. हे मी सगळ्यात आधी सांगते.

दवाखाना दिल्लीत, सरकारी. फरीदाबादहून दोन बस बदलून जायचं. जिन्याच्या कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या, संडासात घोट्यापर्यंत पाणी. रांगेत बसल्या बसल्या लोक पुऱ्या खायचे आणि बाजूच्या बादलीत रक्ताचे बोळे. मी पदर नाकाला लावून बसायचे. बाहेर सगळीकडे नवे पूल, नव्या गाड्या, काचेच्या इमारती उठत होत्या. आत मात्र एकाच स्ट्रेचरवर दोन माणसं.

मग बायोप्सी झाली, म्हणजे सुईनं आतला तुकडा काढून तपासतात. अकरा दिवस रिपोर्टची वाट पाहिली. गाठ तीच निघाली.

डॉक्टरांनी पुढचं समजावलं. क्युरेटाज करायचं, म्हणजे गाठ चमच्यासारख्या हत्यारानं खरवडून काढायची. मग जो खड्डा राहील तो भरायचा. त्याला बोन ग्राफ्ट म्हणतात. थोडं हाड माझ्या कमरेचं घेणार होते, पण खड्डा मोठा, तेवढ्यानं भरला नसता. नीट भरला नाही तर गुडघा खचणार, आणि खचला की सळई घालून पाय कायमचा ताठ करावा लागणार. मला मांडी घालून बसता आलं नसतं, जिना चढता आला नसता.

उरलेल्या जागेसाठी वस्तू बाहेरून विकत आणायची होती. कंपनीचा माणूस आला. चकचकीत बूट, अंगाला सेंटचा वास. त्यानं डबी उघडली. आत पांढरे तुकडे, टोस्टसारखे, सगळीकडे बारीक भोकं.

मी माणसांत बोलत नाही. पण तेव्हा तोंडातून निघून गेलं, "ये किसका है?"

"बैल की हड्डी," डॉक्टर म्हणाले. "भट्टी में पकाई हुई. मांस, चर्बी, कीटाणू, कुछ नहीं बचा. सिर्फ ढाँचा है." त्यांनी खिडकीतून समोरच्या अर्धवट इमारतीला बांधलेल्या बांबूंकडे बोट केलं. "वो बांस देखो. आपकी अपनी हड्डी इसके छेदों में ऐसे ही चढ़ेगी."

मी बाहेर जाऊन बेसिनमध्ये ओकले.

मला का ओकारी आली ते ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. आमचं गाव वर्ध्याकडे. गावात ढोर मेलं की ओढायला आमच्याच लोकांना बोलवायचे. आजोबांनी जन्मभर ओढली. फुगलेलं जनावर, माशा, आणि दोर खांद्यावर. माझे बाबा बुद्धाच्या धम्मात आले तेव्हा त्यांनी तो दोर विहिरीजवळ जाळला आणि मेलेल्या ढोराला हात लावणार नाही म्हणाले. त्यासाठी गावानं वर्षभर किराणा बंद केला, तरी हात लावला नाही. मी त्यांची लेक. ते हाड मी पायात घालून फिरणार होते?

मी नाही म्हणाले. हे पहिल्यांदा चिडले.

"डॉक्टर सांगतोय स्वच्छ आहे, तरी तुझं आपलं चालूच!"

"तुमच्या पायात घालायचं असतं तर कळलं असतं."

"माझा पाय असता तर मी हाडच काय, आख्खा बैल घातला असता," ते म्हणाले. आमची लेक हसली. मला हसू आलं नाही.

आठवडा गेला. पाय टेकला की आत कर्र वाजायचं. ह्यांनी गावाहून माझ्या आईला आणलं. मला वाटलं, आई माझी बाजू घेईल. तिनं सगळं ऐकलं, तंबाखू मळत बसली आणि म्हणाली, "काहून रडून राहिली वं? तुया बापानं ढोर सोडलं, ते लोकं हुकूम करत म्हून सोडलं. तुले कोन हुकूम करते?"

"कुणी नाही."

"मंग? पैसे देऊन इकत घेतं ना तू? तुया बाप असता तं म्हनला असता, घे पोरी. आन दोन घे."

मी सही केली. मनातून किळस गेली नव्हती. तशीच सही केली.

पैसे कमी पडत होते. दोन मजले वर राहणाऱ्या भाभीजींनी आठ हजार दिले. त्यांची कमेटी निघाली होती, म्हणजे गल्लीतल्या बायकांची भिशी. मागितले नव्हते, आपणहून दिले, हप्त्यानं फेडा म्हणाल्या. हे मी विसरणार नाही.

ऑपरेशन झालं. दीड महिना प्लास्टर. आत घाम साचून असा वास सुटला की मला माझीच शिसारी यायची. प्लास्टर कापलं तेव्हा पाय काठीसारखा, वर कातडीचे पापुद्रे. भाभीजी रोज कोमट सरसोंचं तेल आणून पोटरीला लावायच्या. गुडघ्याला नाही, डॉक्टरांची मनाई होती. एक दिवस लावता लावता त्यांनी विचारलं, "बहनजी, अंदर क्या भरा है?"

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणाले, "बैल की हड्डी."

त्यांचे हात तिथेच थांबले. मग त्यांनी ते माझ्या चादरीला पुसले. "राम राम," म्हणाल्या. "मेरे पैसों से?"

त्या परत आल्या नाहीत. हे पहिला हप्ता द्यायला गेले तर दार अर्धंच उघडलं. "नीचे रख दीजिए," म्हणाल्या आणि उंबऱ्याजवळच्या नोटांवर गंगाजल शिंपडलं. ह्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मला पुन्हा ओकारी आली. या वेळी हाडाची नाही.

दर दोन महिन्यांनी एक्स-रे. काळ्या जागेत आधी पांढरे ठिपके, मग ठिपक्यांमधून धूसर जाळी. डॉक्टर म्हणाले, "देखिए, ये वाली आपकी अपनी है." मी ती फिल्म घरी आणून खिडकीशी धरून पाहत बसले. जनावराचं हाड मला जागा देत होतं आणि माझं हाड त्यात शिरत होतं. मला त्याची किळस येईना. त्या बैलाचे उपकार मी मानते, आणि डॉक्टरांचे, आणि आईचे. तुमच्यावर अशी वेळ आली तर विचारा, हे कशाचं आहे. विचारायला लाजू नका. आणि उत्तर ऐकून पोटात ढवळलं तर ढवळू द्या, पण पाय वाचवा.

वर्षभरानं शेवटचा हप्ता राहिला. ह्यांना म्हटलं, आज मी जाते. दोन मजले, एकेक पायरी, कठडा न धरता.

भाभीजींनी दार उघडलं. माझ्या पायाकडे पाहिलं. "चलने लगीं? अच्छा. नीचे रख दीजिए."

मी खाली ठेवले नाहीत. नोटा धरून हात पुढे केला आणि तसाच ठेवला. हात मागे घेतला नाही. शेजारचं दार उघडलं, कुणी पाहून गेलं. गुडघा दुखायला लागला. मी उभीच.

शेवटी त्यांनी माझ्या हातातून नोटा घेतल्या. बोटांना बोटं लागली. त्यांनी तिथेच मोजल्या, दोनदा.

"पूरे हैं," त्या म्हणाल्या.