तीनशे फुटांचा अबोला

माझ्या आईला भूकंपाचं कारण पक्कं माहीत होतं. आमच्या शेतातला बोअर. मी नांदेडला कॉलेजात भूगोल शिकवतो, दरवर्षी फळ्यावर पृथ्वीचं पोट चिरून दाखवतो, पण आईपुढं माझी विद्या कधी चालली नाही.

निलंग्याच्या पुढं आमचं गाव. मोठा भूकंप झाला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोअर घेतला होता. तीनशे फूट. बोअरची गाडी धडधडत होती तेव्हा घरातली भांडी वाजत होती. एवढं खोल जाऊ नका, असं आई म्हणाली होती आणि दादा हसले होते. पाणी लागलं तशी माझी धाकटी बहीण चिखलात नाचली. पावसाळा सरता सरता ती आमच्याच घराच्या दगडमातीच्या भिंतीखाली गेली. आम्ही तिघं वाचलो.

भुईच्या पोटाला भोक पाडलं, दुसरं काय होणार, असं गावातल्या बाया बोलल्या. आईनं ते उचललं आणि दादांशी बोलणं टाकलं. भांडली नाही, माहेरी गेली नाही. वेळच्या वेळी भाकरी वाढली, दुखलं-खुपलं बघितलं. फक्त बोलायची ती माझ्यामार्फत. दादा समोर ताटावर बसलेले आणि ही मला म्हणणार, "इचार तुझ्या दादाला, वरण पायजे का." मी नोकरीसाठी नांदेडला आलो, तशी ती म्हशीला सांगायला लागली. आज शेंगा वाळत घालायच्यात, असं म्हशीला सांगायचं आणि दादांनी मुकाट्यानं उठून शेंगा पसरायच्या. पाहुण्यांना गंमत वाटायची. मला तिचा राग यायचा.

बोअरच्या पाण्याचा थेंब तिनं तोंडात घेतला नाही. आधी आडाचं प्यायली, मग नळाचं, आता जारचं. दादांनी कधी सफाई दिली नाही. त्यांनाही ते खरंच वाटत असावं. काही वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा बाया म्हणाल्या, अगं, आता तरी बोल. ती उंबऱ्यात उभी राहिली, तोंडाला पदर लावून, पण बोलली नाही.

यंदा गावात पुन्हा जमिनीतून आवाज यायला लागले. पेपरवाले त्याला 'गूढ आवाज' म्हणतात. तेवढं छापलं की त्यांचं काम झालं. लोक अंगणात बाजा टाकून बसलेले. मी आईला नांदेडला न्यायला आलो, तर ती जागची हलेना.

"आधी बोअर बुजिव," ती म्हणाली. "मग येते."

बोअर केव्हाच आटलेला. बुजवायला काही जात नव्हतं, एक ट्रॅक्टर मुरूम टाकला असता तर मिटलं असतं. पण माझं डोकं फिरलं. मास्तरकी अंगात आली म्हणा. तिला बाजेवर बसवलं आणि सगळं सांगायला घेतलं. सगळ्यांत खोल भूकंप शेकडो किलोमीटर खाली होतात, जमिनीचा एक थर दुसऱ्याच्या पोटात बुडत जातो तिथं. तिथला दगड एवढा दाबलेला असतो की साधा तडकायलाही त्याला वाव नसतो. दाबानं त्याची आतली घडणच बदलते आणि मग तो सरकतो. नेमकं कसं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. आपला भूकंप तसा नव्हता. आपला वरवरचा, पण वरवरचा म्हणजे तरी काही किलोमीटर खालचा.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, माणसाच्या करणीनं होतच नाही का मग? होतो, म्हटलं, खोटं कशाला बोलू. मोठं धरण बांधलं की पाण्याचा भार पडतो, ते पाणी फटींत मुरतं आणि खाली आधीच ताणलेला दगड निसटतो. काही देशांत घाण पाणी दाबानं खोल सोडतात, त्यानंही होतो. पण त्याला अफाट पाणी लागतं. आपला बोअर म्हणजे भाकरीच्या पापुद्र्याला सुई टोचल्यासारखा. त्यानं काय चूल फुटते?

"नक्की?"

"नक्की."

"तेनी काईच केलं न्हवतं?"

दादांचा काडीचा दोष नव्हता, मी म्हणालो. मला वाटलं, आता हिचा जीव हलका होईल. केवढा शहाणा मी!

मग पोरगी कशानं गेली, असं तिनं विचारलं. मी सुरू केलं की आपला अख्खा देश उत्तरेकडं सरकतोय, त्याचा ताण इथल्या जुन्या भेगांत साठत जातो, आणि कधी सुटेल ते कुणालाच सांगता येत नाही. बोलता बोलता माझाच आवाज खाली गेला. मी सांगत होतो त्यात धरावं असं माणूसच नव्हतं. तिनं शेताकडं बघितलं.

"मग मी कुणाशी अबोला धरला रं इतकी वर्सं?"

  सकाळी तिनं स्वतःच पिशवी भरली. बोअरचं नावसुद्धा काढलं नाही. मीच त्याच्या तोंडावर दगड ठेवून आलो.

आता ती आमच्याकडं नांदेडला असते. मध्ये इथंही एकदा धक्का बसला. सगळी बिल्डिंग जिन्यावरून खाली धावली, ही मात्र गहू निवडत बसली होती. मी हात धरून ओढलं तर हात सोडवून घेतला. माझ्या बायकोशी बोलते, शेजारणीशी बोलते, दूधवाल्याशीही बोलते.

काल मी जेवायला बसलो होतो. आई समोरच होती, पातेलं तिच्याच हाताशी. तिनं माझ्याकडं न बघता सुनेला सांगितलं, "इचार त्याला, वरण पायजे का."