ओवाळणीचा जांभूळ जॅम

भाऊबीजेला बहिणीला साडी द्यावी, पाकीट द्यावं. आमचे हे द्यायचे जांभळाचा जॅम. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहते. तिला तो इतका आवडायचा की साडी दिली तरी ती आधी बाटलीच मागायची.

जांभळं जूनमध्ये आणि भाऊबीज दिवाळीत. तोवर जॅम टिकायचा तो फ्रीजरमध्ये. बदलापूर गावातल्या एका बाईकडून हे पाटीभर जांभळं आणायचे, की आमच्या हेंद्रेपाड्यातल्या घरात नुसता राडा. जांभळं चाळणीवर रगडायची, गरात साखर आणि लिंबू घालून विरघळेपर्यंत ढवळायचं, बस. गॅसवर चढवायचं नाव नाही. शिजवलं की चव मरते म्हणे. ओट्याच्या टाइल्स मी घासायच्या, कौतुक मात्र ह्यांचं. एकदा बाटली काठोकाठ भरून ठेवली, ती फ्रीजरमध्ये तडकली. तेव्हापासून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत गोठवायचा आणि देताना बाटलीत काढायचा, असं ठरलं.

यंदा डबे भरले आणि श्रावणात हे गेले. छातीत दुखतंय म्हणाले, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

घरात माणूस गेलं की शिजलेलं अन्न, भरलेलं पाणी टाकून देतात. मी भिंतीला टेकून बसले होते, मला कशाचीच शुद्ध नव्हती. सगळं नणंदेनंच केलं. रडत होती आणि भांडी घासत होती. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "वहिनी, फ्रीजरमध्ये डब्यांत कसलं तरी जुनं काळं कालवण होतं, तेही टाकलं हं."

अगं बाई, ते शिजलेलं नव्हतंच, असं ओरडावंसं वाटलं. राग आला, खूप आला. पण तिच्याकडे बघितलं. एकुलता एक भाऊ गेला होता तिचा. म्हटलं, "बरं केलंस."

यंदा दिवाळी नव्हतीच आमच्याकडे. तरी भाऊबीजेला ती आली. ह्यांच्या फोटोसमोर बराच वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "दादानं माझ्यासाठी जॅम ठेवला असेल ना, वहिनी?"

"यंदा केलाच नाही," म्हटलं. "जमलं नाही ह्यांना."

ती डोळे पुसत म्हणाली, "असू दे. विसरला असेल. पण एवढ्या वर्षांत कधी विसरला नव्हता."

पहिला डबा हे तिच्यासाठी भरायचे. यंदाही आधी तिचाच भरला होता, आणि हे मी तिला कधीच सांगू शकणार नाही. चहा टाकते म्हणून उठले आणि ओट्यापाशी तोंडात पदर कोंबून रडले.