मीटरवरचे दोन लाल ठिपके

अमरावतीत माझा पोहण्याचा छोटा तलाव आहे. हिवाळ्यात गार पाण्यात कोणी उतरेना, म्हणून पाणी तापवायला गच्चीवर सोलर लावलं, आणि फिल्टरच्या प्रेशर मीटरचा काटा वर जाऊन बसला. फिल्टर तुंबला समजून मी तो तीन दिवस रोज धुतला. शेवटी पन्नाशीचा एक प्लंबर बोलावला. त्याने पाइपावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि मग मलाच झापलं.

"काहून फुकट पानी सांडून राहिले? फिल्टर साफ हाय. पानी आता गच्चीवर चढून राहिलं. ज्याले चढा लागते, त्याले जोर लागतेच."

त्याने खिशातून नेलपॉलिशची जुनी बाटली काढली आणि मीटरच्या काचेवर दोन लाल ठिपके दिले, एक सोलर बंद असतानाचा, एक चालू असतानाचा. काटा ठिपक्याच्या बराच वर गेला, तरच फिल्टर धुवायचा.

रंग पार घट्ट झाला होता. "नवी घ्या ना," मी म्हटलं.

"पोरीची हाय. लगन होऊन अकोल्याले गेली, बाटली आलमारीत राह्यली." आणि तो ओल्या ठिपक्यांवर हळूच फुंकर घालत राहिला, लहान मुलीच्या बोटांवर घालावी तशी.

या हिवाळ्यात एक ठिपका खरवडून गेला. घरात बायकोची नेलपॉलिश आहे, तरी मी त्यालाच फोन केला.

"बाटली सुकली," तो म्हणाला. "अकोल्याले जाऊन पोरीजवळून दुसरी आनतो, मंग येतो."

एरवी एक दिवस उशीर झाला तरी मी कारागिरांवर चिडतो.

"चांगले चार दिवस राहून या," मी म्हटलं.