बाईंची डबल बेल

आमच्या कंडक्टरबाईंचा आवाज चौथ्या सीटपलीकडे जात नसे. गाडीत कोंबड्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांचा कलकलाट, आणि या आपल्या पुटपुटल्यासारखं तिकीट विचारणार. पण घंटीची दोरी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती दोनदा ओढल्याशिवाय बोर्ली पंचतन–तळा गाडीचं चाक हलत नसे. समोर वाघ आला तरी बाईंच्या डबल बेलशिवाय गिअर टाकणार नाही, असं ड्रायव्हरचाचा म्हणायचे.

मी शाळामास्तर, बारा वर्षं त्याच गाडीचा प्रवासी. तरी मलाही रोज "कुठं?" असं विचारत. एखाद्या दिवशी माणसाला दुसरीकडे जावंसं वाटलं तर, असं त्यांचं म्हणणं.

एका सकाळी पारूआजीच्या मासळीच्या पाटीतलं पाणी एका धिप्पाड गड्याच्या पँटवर सांडलं. त्याला सगळा गाव टरकून असे. त्यानं आजीला पायरीवरून खाली ढकललं, मनगट मोडलं. आम्ही चाळीस माणसं जागच्या जागी बसून राहिलो. मीही. बाईंनी मात्र गाडी थेट पोलीस ठाण्यावर नेली. केस झाली, जामीनही झाला, आणि आठवड्यानं गडी पुन्हा पुढच्या सीटवर येऊन बसला.

बाईंनी तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवलं आणि दोरी सोडून दिली. चाचांनी इंजिन बंद केलं. मला कोर्टानं सोडलंय, असं तो गुरकावला.

"जामीन कोर्ट देतं. तिकीट मी देते," बाई म्हणाल्या, तेवढ्याच हळू.

अर्धा तास गेला. मला शाळेचं मस्टर दिसायला लागलं. जाऊ द्या ना बाई, उशीर होतोय, असं मी म्हटलं.

"मास्तर, हात तिचा मोडला, आन उशीर तुम्हांला झाला व्हय?"

आठवलं की अजून कान तापतात. शेवटी तो शिव्या घालत उतरला आणि मिनिडोर रिक्षानं गेला.

बाईंना डेपोत बोलावणं आलं. निवृत्तीला वर्ष उरलेलं, नोकरीवर गदा यायची वेळ. साहेबांनी समजावलं की दंगा करणाऱ्याला त्या फेरीपुरतं उतरवता येतं, कायमचं नाही. "मग रोज त्या फेरीपुरताच उतरवीन," बाई म्हणाल्या. वर्षभर उतरवलाही. मेमो आला तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. प्लास्टर निघाल्यावर पारूआजी पहिल्यांदा गाडीत चढली, तेव्हा तिलाही नेहमीसारखंच "कुठं?" विचारलं.

बाई निवृत्त झाल्या. दुसऱ्याच दिवशी तो हसत पुढच्या सीटवर बसला. पारूआजी पाटी घेऊन पायरीपाशीच थबकली. नव्या कंडक्टरनं दोरीला हात घातला. मी उठून त्याचा हात धरला.

"हा उतरेपर्यंत घंटी वाजणार नाही," मी म्हटलं. माझाही आवाज चौथ्या सीटपलीकडे गेला नसेल. पण चाचांनी आरशातून पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

त्या दिवशी मस्टरवर माझ्या नावापुढे लाल शेरा पडला. पडू दे. पारूआजी पुढच्या सीटवर बसून बाजाराला गेली.